हॉटेलमालकांच्या मुलाखती आणि पदवीचे शेवटचे वर्ष

प्रश्न : कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत माझा मिरची-मसाल्याचा घाऊक व्यापार आहे. मुलीने बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली आहे. शहरातील जुन्या हॉटेलांचे संस्थापक किंवा त्यांचे वारस यांच्या मुलाखतींचे पॉडकास्ट तिने सुरू केले असून, त्यासाठी कॉलेजला एक वर्ष खंड द्यावा असे तिचे म्हणणे आहे. कॅमेरा, माइक आणि दिवे यांसाठी ती साठ हजार रुपये मागते. यात करिअर आहे का? वर्ष जाऊ द्यावे का? यातील बरेच हॉटेलमालक माझे गिऱ्हाईक असल्याने मी शब्द टाकावा का? तिने केलेली पहिली मुलाखत सोबत पाठवत आहे. — एक पालक, कोल्हापूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

खंडाच्या प्रश्नाला प्रवेशाची मुदत आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. वर्ष सोडू देऊ नये. या कामासाठी ते सोडण्याची गरजच पडत नाही. मिसळीचे हॉटेल सकाळपासून दुपारी एक-दीडपर्यंत गजबजलेले असते, खानावळी दुपारी आणि रात्री; गल्ल्यावरचा माणूस मोकळेपणाने बोलू शकतो तो दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान, आणि ती वेळ कॉलेजच्या वेळेआड येत नाही. महिन्याला एक मुलाखत नीट करायची ठरवली, तर तयारी, ध्वनिमुद्रण आणि संपादन शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत बसते. शिवाय पुढे पत्रकारितेचा किंवा ध्वनिमुद्रणाचा चांगला अभ्यासक्रम करायचा झाल्यास प्रवेशासाठी पदवी लागतेच. बी.कॉम.ची विद्यार्थिनी म्हणून तिला एक फायदाही आहे, ज्याची तिला अद्याप कल्पना दिसत नाही : भांडवल कोठून आले, पागडी किती दिली, भागीदारी कशी फुटली, उधारीची वही कधी बंद केली, हे प्रश्न समजून विचारणारे मुलाखतकार फार थोडे असतात.

साठ हजारांनाही माझा नकार आहे. श्रोता ऐकणार आहे तो आवाज. तिचा सध्याचा फोन, कॉलरला लावायचे दोन बरे माइक आणि एक साधा हेडफोन एवढ्यावर पहिले सहा भाग उत्तम होऊ शकतात, आणि याचा खर्च मागितलेल्या रकमेच्या लहानशा अंशात भागतो. कॅमेऱ्याचा विचार सहा भाग प्रसिद्ध झाल्यावर करावा. खर्चापेक्षा जागेची निवड महत्त्वाची आहे. भटारखान्याचा एक्झॉस्ट पंखा, मिक्सर आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर हे तिन्ही आवाज कानाला सवयीने जाणवत नाहीत, पण मुद्रणात बोलण्याच्या बरोबरीने ऐकू येतात. म्हणून मुलाखत मालकाच्या घरी, गादी-पडदे असलेल्या खोलीत घ्यावी आणि हॉटेलातले आवाज स्वतंत्रपणे टिपून संपादनात जोडावेत. फोन विमान मोडवर ठेवावा, मुद्रण वेव्ह (WAV, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या) स्वरूपात करावे, आणि प्रत्येक खोलीतली अर्धा मिनिट निव्वळ शांतता मुद्रित करून ठेवावी. काटछाट केलेल्या जागा बुजवायला तीच उपयोगी पडते. हॉटेलातला रेडिओ मात्र आठवणीने बंद करून घ्यावा, कारण मागे वाजणाऱ्या चित्रपटगीतावर स्वामित्वहक्काचा दावा येऊन भाग अडकू शकतो.

आता मुलाखतीविषयी. आपण पाठवलेले ध्वनिमुद्रण मी पूर्ण ऐकले. मुलीचा आवाज स्वच्छ आहे, ती मध्ये बोलत नाही, आणि समोरच्याला कोल्हापुरी बोलीतच बोलू देते; हे तिन्ही गुण शिकवून लवकर येत नाहीत. परंतु अकराव्या मिनिटाच्या सुमारास एक गोष्ट घडते, तिच्याकडे तिने पुन्हा लक्ष द्यावे असे मला वाटते. हॉटेल कसे सुरू झाले याविषयी बोलताना मालक सहज म्हणतात, "सुरुवात आईनं केली. बाबा मिलमध्ये होते. त्यांच्या खात्यातली माणसं घरी जेवायला यायची." यापूर्वीची दहा मिनिटे ते वडिलांनाच संस्थापक म्हणत होते, आणि फलकावर नावही वडिलांचे आहे, असे त्यांनीच सांगितले आहे. ही मुलाखत तेथे खऱ्या अर्थाने सुरू होत होती. आपल्या मुलीने पुढचा प्रश्न विचारला, "तुमच्या मसाल्याचं रहस्य काय?" मालक हसले आणि म्हणाले, "ते कुठं सांगायचं असतंय व्हय?" पुढची पाच मिनिटे त्या हसण्यातच गेली.

मसाल्याचे रहस्य हा प्रश्न तिने यादीतून कायमचा काढून टाकावा. त्याचे खरे उत्तर कोणी देत नाही आणि खोटे उत्तर सगळ्यांचे सारखेच असते. त्याऐवजी आई किती जणांना जेवू घालत होती, महिन्याचे पैसे ठरलेले होते की ताटाचे, पहिले बाक कोणी दिले, आईने चूल सोडून गल्ल्यावर बसणे कधी सुरू केले की कधीच केले नाही, आणि परवान्यावर वडिलांचे नाव का लागले, असे प्रश्न विचारले असते तर एका हॉटेलच्या इतिहासाबरोबर कोल्हापुरातल्या गिरणी कामगारांच्या जेवणाचा इतिहासही हाती आला असता. घरगुती खानावळीतून धंदा उभा राहण्याची ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या गिरणगावात कामगारांचे डबे करणाऱ्या बायकांना कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते याच कारणाने, की हजारो लोकांची पोटे भरणाऱ्या या बायका बँकेच्या लेखी उद्योजक नव्हत्या. हे वाचून गेलेली मुलगी अकराव्या मिनिटाला थांबली असती. तिने त्या मालकांकडे पुन्हा जावे. "मागच्या वेळी आईविषयी विचारायचे राहून गेले" असे सांगितले तर लोक नाही म्हणत नाहीत.

तयारी म्हणजे काय, याचे कोल्हापुरातलेच आणखी एक उदाहरण देतो. संस्थानच्या पागेत नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना अस्पृश्य म्हणून पाण्याच्या हौदाला हात लावल्याबद्दल मारहाण झाली; तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचे हॉटेल काढण्यास प्रोत्साहन दिले आणि ते स्वतः तेथे थांबून चहा घेत, बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यायला लावत. महाराजांचे निधन 1922 मध्ये झाले, म्हणजे ही हकीकत शंभर वर्षांहून जुनी आहे. ज्या शहरात चहाच्या एका हॉटेलाला सामाजिक समतेचा एवढा मोठा संदर्भ आहे, त्या शहरात "आपल्या हॉटेलात पूर्वी कोण बसू शकत होते, कोणाचे कप वेगळे ठेवले जात होते" हा प्रश्न जुन्या मालकांना आदराने, पण न चुकता विचारलाच पाहिजे. काही जण टाळतील. टाळणेही मुद्रणात ऐकू येते.

तसाच महापुराचा प्रश्न. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, आणि या दोन पुरांच्या मध्ये 2020 ची टाळेबंदी आली. दोन वर्षांत तीनदा बंद पडलेले हॉटेल पुन्हा कसे उघडले, आचारी गावी गेला तो परत आला का, पगार कोणी दिले, विमा होता का, हे ज्याने अनुभवले त्याला सविस्तर आठवते आणि सांगावेसेही वाटते. "आपण एवढे यशस्वी कसे झालात" या प्रश्नाला माणूस भाषण देतो. "पाणी ओसरल्यावर शटर उघडले तेव्हा आत काय होते" या प्रश्नाला तो आठवून बोलतो.

ऐकलेले सगळे खरे मानून चालत नाही, हेही तिला आपल्यासारख्या व्यापाऱ्याच्या घरात शिकवावे लागू नये. "आमची कोठेही शाखा नाही" अशी पाटी एकाच आडनावाच्या दोन दुकानांवर दिसते, तेव्हा मागे वाटणीची कथा असते आणि मूळ कोणाचे यावर दोन भावांची दोन उत्तरे असतात. स्थापनेचे साल विचारल्यावर जुना गुमास्ता परवाना, भाडेपावती, जुनी जाहिरात किंवा उद्घाटनाचे छायाचित्र पाहायला मागावे. कागद सापडला नाही तर "मालकांच्या सांगण्यानुसार" असे निवेदनात स्पष्ट म्हणावे. भावाविषयी किंवा जुन्या भागीदाराविषयी फसवणुकीचा आरोप आला, तर दुसऱ्या बाजूला विचारल्याशिवाय तो प्रसिद्ध करू नये. बदनामीचा दावा पॉडकास्टवरही होऊ शकतो. मुलाखतीपूर्वी संमतीचे अर्धे पान मराठीत लिहून सही घ्यावी, त्यात मुद्रण कोठे प्रसिद्ध होणार आणि कोणता भाग काढून टाकण्याची विनंती करता येईल, हे असावे.

करिअर आहे का, या आपल्या पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की पॉडकास्टवर घर चालेल असे समजून कोणताही निर्णय घेऊ नये. उदाहरणादाखल, यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी एक हजार सदस्य आणि मागील बारा महिन्यांत चार हजार तास पाहिले गेलेले असणे (किंवा छोट्या व्हिडिओंची वेगळी अट पूर्ण करणे) लागते, आणि हा टप्पा ओलांडल्यावर मिळणारी रक्कम एका शहरापुरत्या मराठी कार्यक्रमाला फार मोठी नसते. परंतु नीट केलेले दहा-बारा भाग हा कामाचा पुरावा असतो, आणि तो घेऊन ती अनेक दारे ठोठावू शकते : वृत्तपत्रांचे डिजिटल विभाग, ध्वनिपुस्तके व पॉडकास्ट तयार करणाऱ्या संस्था, खाद्य आणि पर्यटन क्षेत्रातील कंपन्यांचे मजकूर विभाग, संग्रहालये आणि विद्यापीठांचे मौखिक इतिहासाचे प्रकल्प. आकाशवाणीच्या केंद्रांवर नैमित्तिक निवेदकांची निवड होते. आपल्याला सांगली केंद्र जवळ आहे, त्याच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावे. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारख्या सामुदायिक रेडिओवर उन्हाळी सुट्टीत काही आठवडे काम करायला मिळाले, तर ते कोणत्याही महागड्या कार्यशाळेपेक्षा उजवे ठरेल.

पदवीनंतर शिवाजी विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग घराजवळ आहे. पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूट आणि भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रातील मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम हेही विचारात घ्यावेत. तिचा ओढा प्रश्न विचारण्यापेक्षा आवाजाच्या तंत्राकडे अधिक आहे असे वर्षभरात दिसले, तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधला ध्वनिमुद्रण आणि ध्वनिआरेखनाचा अभ्यासक्रम आहे. त्याची प्रवेश परीक्षा कठीण असते आणि तयारी आधीपासून करावी लागते. "झटपट पॉडकास्टर व्हा" अशा जाहिराती करणाऱ्या वर्गांना मी एक रुपयाही देणार नाही.

शेवटी आपल्या गिऱ्हाइकांविषयी. आपला शब्द गेला तर दार नक्की उघडेल. परंतु ज्याच्याकडून वर्षानुवर्षे उधारीवर बेडगी आणि संकेश्वरी मिरची घेतली, त्याच्या मुलीसमोर कोणता मालक धंद्यातल्या अडचणी मोकळेपणाने सांगेल? आणि त्याने सांगितल्या, तरी त्या आपल्या पेढीपर्यंत पोहोचणार नाहीत, याची खात्री त्याला कोणी द्यावी? म्हणून पहिले सहा पाहुणे आपल्याशी व्यवहार नसलेले निवडावेत. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचे लोक, भेळेच्या गाड्यावरून दुकानात आलेले, घरगुती मेस चालवणाऱ्या बायका असे कितीतरी जण तिला स्वतः जाऊन भेटता येतील, आणि नकार ऐकण्याची सवयही लागेल. पुढे आपले गिऱ्हाईक असलेला पाहुणा घेतलाच, तर भागाच्या सुरुवातीला "या हॉटेलला माझे वडील मिरची पुरवतात" हे तिने सांगावे. फुकट जेवण घेतले असेल तर तेही सांगावे. जाहिरात मानक परिषदेच्या (ASCI, जाहिरात क्षेत्राची स्वयंनियमन संस्था) 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पैसे न देता मिळालेल्या वस्तूचाही उल्लेख अपेक्षित आहे, आणि बिल देऊन जेवणे हे त्याहून सोपे आहे.

आपल्याला मदतच करायची असेल, तर तिचे पहिले पाहुणे आपण स्वतः होऊ नका, पण जाणकार व्हा. कोणत्या सालापासून हॉटेलवाले अख्खी मिरची सोडून तयार पूड मागू लागले, गडहिंग्लजच्या बाजारात भाव चढला की मिसळीच्या कटाचा रंग कशाने राखला जातो, कांदा-लसूण चटणी घरी कुटून घेणारी हॉटेले किती उरली, हे आपल्याला ठाऊक आहे आणि तिला नाही. एखाद्या रविवारी दुकान बंद असताना हे सगळे तिला नावे न घेता सांगावे. पुढच्या मुलाखतीत कोणी "आमचा मसाला पन्नास वर्षांत बदललेला नाही" असे म्हणाले, तर त्यावर काय विचारायचे ते तिला कळेल.

पहिल्या मुलाखतीतल्या मालकांच्या दुसऱ्या भेटीचे ध्वनिमुद्रण झाले की तेवढेच मला पाठवावे. कॅमेऱ्याविषयी त्यानंतर बोलू.

आपला,
करिअर मार्गदर्शक