गावात राहून ‘संबंधित साहित्याचा आढावा’ कसा लिहायचा आणि संदर्भ किती द्यायचे?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहता, कापूस वेचणाऱ्या मजूर बायांवर पीएचडी करायची आहे, गाईडनी सिनॉप्सिसच्या (संशोधनाच्या आराखड्याच्या) आधी ‘संबंधित साहित्याचा आढावा’ लिहून आणायला सांगितलाय, गावात लायब्ररी नाही, आणि किमान किती संदर्भ दिले म्हणजे चालतं हे कुणी धड सांगत नाही. शिवाय वाङ्मयचोरीचे नियम काय, हेही तुम्ही विचारलंय.

मी याच पट्ट्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. हाच प्रश्न घेऊन मुलंमुली माझ्या टेबलापाशी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आकड्याचं आधी सांगून टाकते. असा आकडा नसतो. तुमच्या विषयावर आजवर कुणी काय शोधलं, कशाच्या आधारावर म्हटलं आणि काय बघायचं राहून गेलं, हे वाचणाऱ्याला समजलं की आढावा पुरा झाला. मग नोंदी चाळीस होवोत की दीडशे.

आपल्याकडच्या बऱ्याच प्रबंधांत दुसरं प्रकरण असं असतं: ‘अमुक (२००८) यांनी शेतमजूर महिलांचा अभ्यास केला. त्यांनी २०० महिलांची निवड केली. महिलांची आर्थिक स्थिती हलाखीची आहे असा त्यांचा निष्कर्ष आहे.’ पुढचा परिच्छेद ‘तमुक (२०११) यांनी…’ आणि अशी पंचवीस पानं. कुठलेही दोन परिच्छेद खालीवर केले तरी काही बिघडत नाही. ही यादी झाली. पूर्वीच्या लोकांनी घेतलेली मेहनत त्यात वाया जाते आणि तुमचीही.

मांडणी लेखकांच्या नावानं करू नका, प्रश्नांनी करा. तुमच्या विषयातले प्रश्न तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. वेचणीची मजुरी किलोवर मिळते की रोजानं? पहिल्या वेचणीला कापूस भरभरून फुटलेला असतो, फरदडीत, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या पिकात, बोंडं विरळ होतात, तेव्हा बाईच्या हातात दिवसाला किती पडतं? टोळी कोण जमवतं, भाव कोण ठरवतं? पाठ, कंबर, बोंडाच्या टोकांनी फाटलेली बोटं, फवारलेल्या पऱ्हाटीत (कपाशीत) दिवसभर उभं राहणं, यावर कुणी लिहिलंय का? बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, त्यानंतर वेचणीचं काम कसं बदललं? दिवाळीनंतर मुलींच्या शाळेचं काय होतं? हे झाले तुमच्या प्रकरणाचे भाग. एकच पुस्तक तीन भागांत आलं तरी हरकत नाही, ते तसंच यायला हवं.

मग असं लिहिता येतं: ‘अमुक आणि तमुक यांनी मजुरी रोजावर मोजली आहे, तर फलाण्यांनी किलोवर, त्यामुळे त्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. बाई शेतात किती तास होती, याची नोंद दोन्हीकडे नाही.’ हे शेवटचं वाक्य लिहिता आलं की तुमच्या अभ्यासाची जागा सापडली. सिनॉप्सिसमध्ये ‘संशोधनातील उणीव’ म्हणून जे विचारतात ते हेच. ‘या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही’ हे वाक्य मात्र लिहू नका. आरआरसीतल्या, म्हणजे सिनॉप्सिस तपासणाऱ्या विद्यापीठाच्या समितीतल्या, कुणी एक प्रबंध जरी पाहिलेला असला, तरी त्याच वाक्यावर अडवतील.

यासाठी वाचतानाच एक तक्ता ठेवा. लॅपटॉप नसेल तर आडवं रजिस्टर चालतं. कोणी, कधी, कुठल्या भागात, किती जणांशी बोलून, काय आणि कसं मोजलं, काय सापडलं, पान क्रमांक, आणि शेवटचा रकाना तुमच्या शंकेचा. पान क्रमांक त्याच क्षणी लिहा. नंतर तो शोधायला पुन्हा अख्खं पुस्तक चाळावं लागतं, आणि पुस्तक तोवर परत गेलेलं असतं.

मोजलं कसं, या रकान्यावर जास्त वेळ द्या. उदाहरण जनगणनेचंच घ्या. २०११ च्या जनगणनेत वर्षातले सहा महिने किंवा त्याहून जास्त काम केलेली व्यक्ती मुख्य कामगार, त्याहून कमी असेल तर सीमांतिक कामगार. वेचणीचा हंगाम दसरा-दिवाळीपासून साधारण जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत. जी बाई वेचणी आणि थोडं निंदण एवढंच करते, ती मुख्य कामगारांच्या आकड्यात येईलच असं नाही. कुणी फक्त मुख्य शेतमजुरांचा तक्ता उचलून ‘महिला शेतमजूर इतक्या’ असं लिहिलं असेल, तर तुमच्याच बाया त्यातून गळल्यात. ही गोष्ट आढाव्यात सांगणं हे तुमचं योगदान आहे.

दुसरी एक गफलत वारंवार दिसते. संकरित कापसाच्या बियाण्याच्या शेतात परागीकरणासाठी लावलेल्या मुलींवर, विशेषतः आंध्र-तेलंगणातल्या, बरंच लिखाण आहे. ते वाचा, पण ते बियाणं तयार करण्याचं काम आहे. आपल्याकडची वेचणी वेगळी, मजुरीची पद्धत वेगळी, हंगाम वेगळा. ‘कापूस’ आणि ‘मजूर’ हे दोन शब्द जुळले म्हणून तिथले निष्कर्ष इथे चिकटवू नका.

आता मिळवायचं कुठून. ‘शोधगंगा’पासून सुरू करा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा हा साठा आहे, भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. बहुतेक प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात, त्यामुळे गावातल्या नेटवरही काम होतं: आधी फक्त संदर्भसूचीची फाईल उतरवा, मग दुसरं प्रकरण, आणि उपयोगाचा वाटला तरच बाकीचा प्रबंध. शोधताना मराठी, इंग्रजी दोन्ही शब्द टाका, आणि अमरावती, नागपूर, गोंडवाना या विद्यापीठांसोबत अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं कामही बघा. कृषी विस्तार आणि गृहविज्ञानवाल्यांनी शेतातल्या बायांच्या श्रमांवर केलेलं काम समाजशास्त्रवाले सहसा उघडत नाहीत.

इंग्रजी नियतकालिकांसाठी तुमचं संशोधन केंद्र ज्या महाविद्यालयात आहे तिथल्या ग्रंथपालांकडे ‘एन-लिस्ट’चं (महाविद्यालयांना ई-नियतकालिकं वाचायला देणाऱ्या योजनेचं) लॉगिन मागा. ते घरबसल्या मोबाईलवर चालतं. अनेक अनुदानित महाविद्यालयं याची वर्गणी भरतात आणि विद्यार्थ्यांना पत्ताच नसतो. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही नियतकालिकांच्या एकत्रित वर्गणीची योजनाही सुरू झालीय. ती सरकारी संस्थांसाठी आहे, त्यामुळे विद्यापीठाच्या आवारात काय उघडतं तेही विचारून घ्या. जुने ग्रंथ, म्हणजे १८७० चं लायलचं वऱ्हाडचं गॅझेटिअर किंवा रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे १९१६ चे चार खंड, इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन केलेले मिळतात. रसेल-हिरालाल वाचताना ते इंग्रज सरकारच्या नजरेतून लिहिलेले आहेत हे ध्यानात ठेवा, आणि संदर्भ देताना हिरालाल यांचं नाव गाळू नका. बरेच जण गाळतात.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. जे स्वतः उघडून वाचलं नाही, त्याचा संदर्भ वाचल्यासारखा देऊ नका.

सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी २००३ मध्ये एक सुंदर तपासणी प्रसिद्ध केली. भौतिकशास्त्रातला १९७३ चा एक गाजलेला लेख त्यांनी घेतला. त्याचा संदर्भ सुमारे ४,३०० ठिकाणी दिला गेला होता आणि १९६ ठिकाणी त्यात खंड, वर्ष किंवा पान चुकीचं छापलेलं होतं. पण वेगवेगळ्या चुका मोजल्या तर फक्त ४५ निघाल्या. पान क्रमांकाची एकच चूक ७८ ठिकाणी जशीच्या तशी आली होती. मूळ लेख समोर ठेवून लिहिणारे ७८ जण एकसारखं चुकणार नाहीत, त्यांनी एकमेकांची संदर्भसूची उतरवली. यावरून त्या दोघांनी अंदाज बांधला की संदर्भ देणाऱ्यांपैकी साधारण २० टक्केच लोक मूळ लेख वाचतात.

आपल्याकडे दांडेकर समितीचं असंच होतं. विदर्भाच्या अनुशेषावर लिहिणारा प्रत्येक जण तिचं नाव घेतो. समिती नेमली १९८३ मध्ये, अहवाल आला १९८४ मध्ये. कुणी एक साल टाकतं, कुणी दुसरं, आणि पान क्रमांक कुणाच्याच संदर्भात नसतो, कारण वाक्य वर्तमानपत्रातल्या लेखातून किंवा आधीच्या प्रबंधातून आलेलं असतं. ‘अमुक टक्के शेती कोरडवाहू’ या वाक्याचंही तेच: कोणत्या वर्षीचा आकडा, पूर्ण विदर्भाचा की अमरावती विभागाचा, काही सांगितलेलं नसतं. असं वाक्य भेटलं की त्याची सूची उघडा, तिथून मागच्या लेखावर जा, तिथून त्याच्या मागे. दोन-तीन पायऱ्यांत मूळ अहवाल तरी सापडतो, नाहीतर मूळ काहीच नव्हतं हे कळतं. मूळ मिळालंच नाही तर सरळ लिहा: ‘दांडेकर समिती, १९८४, उद्धृत, तमुक, २०१०’. यात कमीपणा काही नाही. गाईड आणि परीक्षक अशा प्रामाणिक नोंदीचा मान ठेवतात.

म्हणूनच एआयला ‘या विषयावरचे वीस संदर्भ दे’ असं सांगून मिळालेली यादी प्रबंधात घालू नका. लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, आणि लेख मात्र कधी लिहिलाच गेलेला नाही, असं त्यात होतं. प्रत्येक नोंदीचा डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) उघडून बघा. डीओआय नसेल तर त्या नियतकालिकाच्या त्या अंकाच्या अनुक्रमणिकेत लेख आहे का ते बघा. सापडला नाही तर नोंद काढून टाका.

आता वाङ्मयचोरीबद्दल. यूजीसीचे २०१८ चे नियम असे: १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर कारवाई नाही; १० ते ४० मध्ये सुधारून पुन्हा सादर करायचं, मुदत सहा महिन्यांच्या आत; ४० ते ६० मध्ये एक वर्ष सादर करता येत नाही; ६० च्या वर नोंदणी रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची या मोजणीत धरत नाहीत. पण टक्केवारीच्या मागे लागू नका. इंग्रजी लेखातला परिच्छेद मराठीत आणून खाली नाव न देणं ही चोरीच आहे, मग रिपोर्टमध्ये शून्य टक्के का येईना.

संदर्भ लिहिण्याची पद्धत विद्यापीठाच्या मार्गदर्शिकेत असेल ती पाळा, आणि एकच पाळा. मराठी आणि इंग्रजी सूची वेगळ्या करायच्या की एकत्र, हे गाईडना आत्ताच विचारून घ्या. मराठी लेखकांची नावं पूर्ण लिहा, कारण ‘देशमुख, व.’ एवढ्यावर आपल्या भागात माणूस ओळखता येत नाही. एकाच लेखकाचं एकाच वर्षी दोनदा असेल तर २०१४अ, २०१४आ. नोंदी सांभाळायला झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर टाकून घ्या.

वर्तमानपत्राच्या बातमीला तारखेसोबत आवृत्ती लिहा. यवतमाळ आवृत्तीतली बातमी नागपूर आवृत्तीत नसू शकते, आणि नेटवर तर बहुधा नसतेच. कात्रणाचा फोटो काढताना पानाचा वरचा भाग, तारीख आणि पान क्रमांक दिसेल असा काढा. वेचणाऱ्या बायांशी तुम्ही स्वतः जे बोलाल ते मात्र या प्रकरणात घालू नका. ती तुमची सामग्री आहे, तिचं प्रकरण पुढे येतं, आणि तिथे नावं बदलून, त्यांना विचारूनच.

गाईडकडे पहिल्या भेटीला सगळं प्रकरण नेऊ नका. तक्ता न्या, आणि वरच्या प्रश्नांपैकी एका भागाचं दीड-दोन पान लिखाण न्या. मजुरीचा भाग घ्या, त्यावर वाचायला सगळ्यात जास्त मिळेल.