कंसातलं नाव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, तुझ्या रेकॉर्डीच्या लेबलचे फोटो मिळाले आणि फोनवर टिपून पाठवलेली बी साइड, म्हणजे मागची बाजूही मी चार वेळा ऐकली. ही रेकॉर्ड किती दुर्मिळ आहे, असं तू विचारलं आहेस. ते सांगतो, पण शेवटी. आधी गाण्याच्या नावाखाली कंसात एक आडनाव छापलंय ते बघ. कंपनीचं नाव ठळक, गायिकेचं त्याहून जरा लहान, आणि हे इतकं बारीक की एका अक्षराची शाई शेजारच्या अक्षरात उतरली आहे. विसरल्या गेलेल्या रेकॉर्डींमागची माणसं शोधण्याचं जे काम तुला करायचं आहे म्हणतेस, ते या आडनावापासून सुरू होतं.

कंसात असतं ते गाणं रचणाऱ्याचं नाव. गायिकेचं नाव रंगमंचापुरतं असू शकतं, बँडचं नाव त्या एका दुपारसाठी ठेवलेलं असू शकतं. रचनाकाराच्या नावावर मात्र रॉयल्टी जमा होते, म्हणून ते नाव बहुतेक वेळा खरं असतं आणि हक्कांच्या नोंदींत सापडतं. बहुतेक वेळा म्हणतो, कारण कंसात घुसखोरीही झाली. १९५५ साली चक बेरी या अमेरिकन गायकाच्या पहिल्याच सिंगलवर, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्डीवर, अ‍ॅलन फ्रीड या नावाजलेल्या रेडिओ निवेदकाचं नाव सहरचनाकार म्हणून लागलं. गाणं रेडिओवर वाजावं म्हणून दिलेला तो वाटा होता. तेव्हा कंसात दोन-तीन नावं दिसली की त्यातला कोण काय काम करायचा, ते शोध. बी साइडचा कंस तर चुकवूच नकोस. सिंगल विकली गेली की दोन्ही बाजूंच्या रचनाकारांना सारखीच रॉयल्टी मिळायची, म्हणून निर्माते स्वतःची एखादी किरकोळ चीज मागच्या बाजूला जोडून देत. पण त्या बाजूकडे कुणाचं फारसं लक्ष नसल्यामुळे वादकांना तिथेच मोकळीक मिळे. मी आयुष्यात जे सर्वांत सुंदर वादन ऐकलं, त्यातलं बरंचसं मागच्या बाजूंवर आहे.

द विन्स्टन्स या बँडची १९६९ सालची सिंगल घे. पुढच्या बाजूचं गाणं गाजलं, त्यासाठी रिचर्ड स्पेन्सरला ग्रॅमी मिळालं. मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' नावाची एक वाद्यरचना होती. तिच्या मधोमध बाकीचे सगळे थांबतात आणि ड्रमर ग्रेगरी कोलमन एकटा चार आवर्तनं वाजवतो. जेमतेम सहा-सात सेकंद. तिसऱ्या आवर्तनात तो एक घाव किंचित पुढे ढकलतो, आणि ऐकणाऱ्याचा पाय अधांतरी राहतो. १९८०च्या दशकात सॅम्पलर, म्हणजे आवाजाचा तुकडा उचलून पुन्हा वाजवणारी यंत्रं आली, हे सहा-सात सेकंद उचलले गेले, आणि त्यावर हिपहॉपची आणि पुढे जंगल व ड्रम अँड बेस या नाचाच्या संगीतप्रकारांची हजारो गाणी उभी राहिली. ड्रम अँड बेस हा अख्खा प्रकारच त्या ठेक्याच्या खांद्यावर वाढला. कोलमनला त्यातलं काहीही मिळालं नाही. २००६ साली तो अटलांटात बेघर अवस्थेत वारला. २०१५ साली ब्रिटनमधल्या चाहत्यांनी वर्गणी काढून चोवीस हजार पौंड स्पेन्सरच्या हाती दिले, तेव्हा कोलमनला जाऊन नऊ वर्षं झाली होती. तुला मी घाई कर असं जे वारंवार सांगतो, ते या नऊ वर्षांमुळे.

आता लेबलच्या बाहेर ये. गाणं संपतं तिथपासून लेबलपर्यंत एक गुळगुळीत पट्टी असते. दिवा बाजूला, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर धर आणि रेकॉर्ड हळूहळू फिरव. अक्षरं एकदम उमटतात आणि पुन्हा बुजतात. मूळ चर कोरतात लॅकरच्या तबकडीवर. तिच्यावर चांदीचा पातळ थर देतात, त्यावर निकेल चढवून साचे काढतात आणि त्या साच्यांतून रेकॉर्डी निघतात. त्यामुळे कोरणाऱ्याने लॅकरवर टोकाने जे लिहिलं, ते प्रत्येक प्रतीवर जसंच्या तसं येतं. तिथे मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या कोरणीचा ओळखक्रमांक सापडेल, क्वचित सही, क्वचित कुणाला दिलेला निरोप. जॉर्ज पेकहॅम हा इंग्लंडमधला कोरणारा 'अ पोर्की प्राइम कट' असं लिहायचा. ते दिसलं की ओळखीचा माणूस भेटल्यासारखं वाटतं. तुझ्या दुसऱ्या फोटोत मला एक छोटा त्रिकोण आणि त्यापुढे आकडा दिसल्यासारखा वाटला. तसं असेल तर ती लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यात निघालेली असण्याची दाट शक्यता आहे. ते आकडे क्रमाने चढत जातात, त्यामुळे आसपासच्या आकड्यांच्या तारीख माहीत असलेल्या रेकॉर्डींशी ताडून पाहिलं, तर महिन्या-दोन महिन्यांच्या फरकाने काळ सांगता येतो. लेबलवर साल नसलं म्हणून हात टेकायचे नाहीत.

एक खबरदारी. रेकॉर्डीच्या कडेला हलकी टिचकी मार. आवाज कडक, कपबशीसारखा आला आणि लेबल वरून चिकटवलेलं दिसलं, तर ती नेहमीच्या व्हिनाइलची नाही, स्टायरीन या कडक प्लॅस्टिकची आहे. स्टायरीनचे चर लवकर झिजतात. गोल टोकाची, चांगली सुई लाव, सुई खाली असताना रेकॉर्ड मागे फिरवू नकोस, आणि पहिल्याच वेळी आवाज नीट टिपून ठेव. पुसताना अल्कोहोल तर लावायचंच नाही.

लेबलवर ज्यांची नावं नाहीत, त्यांचं काय, हा प्रश्न तू विचारला नाहीस. तो विचारायला हवा होतास. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत फंक ब्रदर्स म्हणून ओळखला जाणारा वादकांचा ताफा होता. १९५९पासून त्यांनी शेकडो सिंगलांवर साथ केली, आणि एकाही लेबलवर त्यांची नावं आली नाहीत. १९७१ साली मार्विन गे या गायकाच्या एका अल्बमवर ती पहिल्यांदा नीट छापली गेली. बास वाजवणारा जेम्स जेमरसन त्यातलाच. निम्म्या जगाने त्याच्या बोटांवर ठेका धरला आणि तो कोण हे विचारलं नाही. ही तर नामांकित कंपनी. मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची सात इंची रेकॉर्ड १९४९ साली आली ती स्वस्त आणि हलकी, म्हणून पुढे चार हौशी पोरांनाही पदरचे पैसे घालून पाचशे प्रती काढता आल्या. त्या पाचशेंतल्या वादकांची नोंद करणारं कोण असणार?

रॉड कीथचं नाव लिहून ठेव. अमेरिकेत मासिकांच्या मागच्या पानांवर जाहिराती यायच्या: तुमची कविता पाठवा, आम्ही चाल लावू. लोक कविता आणि पैसे पाठवत, आणि काही आठवड्यांनी टपालाने त्यांच्या कवितेची रेकॉर्ड घरी येई. रॉड कीथ अशी गाणी झपाट्याने चाल लावून, अनेकदा वेगवेगळ्या नावांनी, गात असे. कविता बऱ्याचदा भाबड्या असत, पण तो कामचुकारपणा करत नसे. काही जागी त्याचे स्वर ऐकून मी उठून उभा राहिलो आहे. १९७४ साली तो गेला. त्याचा मुलगा एलरी एस्केलिन पुढे जॅझमधला मोठा सॅक्सोफोनवादक झाला. त्याला वडील आठवतच नव्हते, ते त्याला भेटले या रेकॉर्डींमधून. कुणीतरी त्या फेकून न देता ठेवल्या म्हणून.

तुला भेटणारे काही संग्राहक सांगतील, सापडलेलं लपवून ठेव. ही रीत जुनी आहे. जमैकात ध्वनिक्षेपक लावून नाच भरवणारे लोक अमेरिकेतून आणलेल्या रेकॉर्डींची लेबलं खरवडून टाकत, प्रतिस्पर्ध्याला नाव कळू नये म्हणून. उत्तर इंग्लंडच्या नाचघरांत डीजे लेबलवर कागद चिकटवून खोटीच नावं सांगत. फ्रँक विल्सनची १९६५ सालची मोटाउनची सिंगल बाजारात येण्याआधीच मागे घेतली गेली. वाचलेल्या प्रती हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच, आणि त्यातली एक २००९ साली पंचवीस हजार पौंडांवर विकली गेली. पण इंग्लंडमध्ये त्या गाण्यावर लोक आधी नाचले ते भलत्याच गायकाचं नाव ऐकून. स्पर्धा, धंदा, सगळं समजतं मला. तरीही गाणाऱ्याचं नाव पुसणं मला चोरीच वाटते, आणि माझ्या हाताखाली शिकलेल्या कुणी ती करू नये, असं मी स्पष्ट सांगतो.

आता माणसांकडे जाण्याबद्दल. हे मी चुकून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी कंसातल्या आडनावावरून मी एका गायिकेपर्यंत पोचलो. दोनच सिंगल, नंतर गाणं बंद. फोन लागला, त्यांनीच उचलला, आणि मी पहिला प्रश्न केला, "तुमच्याकडे त्या रेकॉर्डीच्या प्रती उरल्यात का?" पलीकडे शांतता. मग त्या म्हणाल्या, "मला वाटलं, गाण्याबद्दल बोलायला फोन केलात." आणि फोन ठेवला. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी पत्र लिहून माफी मागितली, सोबत दोन्ही बाजू कॅसेटवर उतरवून पाठवल्या, आणि बदल्यात काहीही मागितलं नाही. आठ महिन्यांनी उत्तर आलं. पाठपोट दोन पानं. कुणी काय वाजवलं त्याची पाच नावं, त्यातला बासवाला त्यांचा भाऊ. कामाची पाळी संपवून रात्री अकराला त्या स्टुडिओत पोचल्या होत्या आणि बूट चावत होते म्हणून अनवाणी गायल्या. ती पाच नावं आजवर कुठेही छापलेली नव्हती.

म्हणून आधी त्यांचं गाणं त्यांना परत दे. मग विचार: खोलीत कोण कोण होतं, सम कुणी दाखवली, किती वेळा घेतलं, पैसे कुणी भरले. बोलणं टिपायचं असेल तर परवानगी घे. फोटो दिले तर त्याच दिवशी प्रत काढून मूळ फोटो परत कर. आणि जुनं गाणं म्हणजे बिनवारशी गाणं, असं कधीही धरू नकोस. पुन्हा प्रसिद्ध करायचं झालं तर लेखी करार आणि ठरलेले पैसे. शिकागोची न्यूमेरो ग्रुप ही कंपनी २००३पासून विस्मृतीत गेलेल्या छोट्या कंपन्यांच्या रेकॉर्डी माणसं शोधून, त्यांच्या हकिकतींसह पुन्हा काढते आहे. त्यांच्या पुस्तिका वाच, शोध कसा घ्यायचा ते कळेल. काही ठिकाणी विचारायला कुणी उरलेलंच नसतं. कंबोडियातले सिन सिसामुथ, रोस सेरेसोथिया, पान रॉन ही लाडकी गायक मंडळी १९७५ ते १९७९ या ख्मेर रूजच्या क्रूर राजवटीच्या काळात नाहीशी झाली. त्यांची गाणी जगली ती लोकांनी लपवून ठेवलेल्या रेकॉर्डी आणि कॅसेटींमुळे. तिथे कुटुंबीयांना शोधायचं.

आता तुझा प्रश्न. या कंपनीच्या तीन रेकॉर्डी मी पाहिल्या आहेत, ही नव्हती. दुर्मिळ आहे, विकू नकोस.

आणि एक काम लगेच कर. बी साइडवर गिटारचा तुकडा सुरू होण्याच्या अगदी आधी, ड्रमच्या घावाखाली, एक पुरुष कुणाला तरी हाक मारतो. तुझ्या फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये ते दबून गेलंय. मला दोन अक्षरी नाव वाटतं, शेवटी 'ई'. ती जागा हेडफोन लावून मूळ रेकॉर्डीवरून ऐक, आणि मी काय ऐकलं ते विसरून, तुला काय ऐकू येतं ते मला लिही.

तुझा,
काका