बाबांच्या 3 बरगड्या काढणार आहेत, मग ते श्वास कसा घेणार?

तुम्ही लिहिलंय की बाबांच्या बरगडीत कॉन्ड्रोसारकोमा निघालाय, सर्जन 3 बरगड्या काढायच्या म्हणतायत आणि घरच्यांचं म्हणणं आधी केमो देऊन बघू. मी छातीच्या सर्जरीच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट आहे, असे पेशंट ऑपरेशननंतर माझ्याकडे येतात म्हणून सांगते, केमोच्या नादात वेळ घालवू नका. हा कूर्चेचा कॅन्सर, याच्यावर केमो-रेडिएशन फारसं चालत नाही, मुळापासून काढणं हाच इलाज. गाठ एकाच बरगडीत दिसली तरी चारी बाजूंनी साधारण 4 सेंमी चांगला भाग धरून काढतात, म्हणून वरची-खालची बरगडीही जाते. सर्जनना "जरा कमी कापा" असं प्लीज म्हणू नका, कडेला पेशी राहिल्या तर गाठ परत येऊ शकते आणि दुसरं ऑपरेशन जास्त अवघड जातं.

आता श्वासाचं. मोठा भाग काढून तसाच सोडला तर श्वास घेताना ती जागा फुगायच्या ऐवजी आत ओढली जाते आणि माणूस दमतो, म्हणून त्याच ऑपरेशनमध्ये छातीची भिंत परत उभी करतात. जागा 5 सेंमीपेक्षा लहान असेल किंवा मागे खांद्याच्या फऱ्याखाली झाकली जात असेल तर बऱ्याचदा काही बसवावंच लागत नाही. पुढे किंवा बाजूला मोठी असेल तर जाळी ताणून शिवतात, कधी दोन जाळ्यांच्या मधे बोन सिमेंट भरतात, कधी टायटॅनियमच्या पट्ट्या लावतात, आणि वरून गरज पडली तर पाठीचा स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसकट फिरवून आणतात. 2015 मध्ये स्पेनच्या सालामान्कात एका पेशंटला थ्रीडी प्रिंट केलेलं टायटॅनियमचं छातीचं हाड आणि बरगड्या बसवल्या होत्या, पण 3 बरगड्यांना सहसा एवढं लागत नाही.

मला खरी काळजी वाटते ती दुखणं लपवणाऱ्या पेशंटची. आपल्याकडची वडीलधारी माणसं "काही नाही, सहन होतंय" म्हणतात, मग दुखतं म्हणून खोकत नाहीत, कफ आतच साठतो आणि न्यूमोनिया होतो. बाबांना आत्ताच सांगून ठेवा, दुखलं की लगेच बोलायचं, पाठीतून एपिड्युरल (मणक्याजवळ बारीक नळीतून दुखणं थांबवायचं औषध) असतं, इतर औषधं असतात. बिडी-सिगरेट असेल तर आजच बंद. तीन बॉलचं स्पायरोमीटर (श्वास आत ओढून बॉल वर उचलायचं व्यायामाचं छोटं साधन) आणा आणि ऑपरेशनच्या आधीपासूनच रोज ओढायला लावा, नंतर शिकवायला गेलं की दुखण्यात जमत नाही. खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरायची. पाठीचा स्नायू वापरला तर त्या बाजूचा खांदा आखडतो, हात कधी आणि किती उचलायचा ते फिजिओला विचारा, घाबरून हात पोटाशी धरून ठेवू देऊ नका.

सर्जनना भेटाल तेव्हा जाळी बसवणार की पट्ट्या, आणि प्लास्टिक सर्जन सोबत असणार का, एवढं नक्की विचारा.