वय २३, काहीच त्रास नाही; गर्भाशयमुखाची पॅप तपासणी (तिथल्या पेशी घेऊन त्यांत कर्करोगाकडे नेणारे बदल आहेत का हे पाहणारी चाचणी) करून घ्यावी का?

त्रास नसेल तर घाई नाही. ‘लवकर केली तर बरंच’ हे इथे सरसकट लागू पडत नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूच्या वर्षानुवर्षं टिकलेल्या संसर्गातून होतो, आणि त्याला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. तरुण वयात हा संसर्ग अगदी सर्रास होतो आणि बहुतेकींचं शरीर तो एक-दोन वर्षांत स्वतःच घालवतं. मधल्या काळात तपासणी केली की पेशींत किरकोळ बदल दिसतात, मग पुढच्या चाचण्या, धास्ती, कधी उपचारही. गर्भाशयमुखाचा भाग काढावा लागला, तर पुढे अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका थोडा वाढतो. हे सहसा कोणी आधी सांगत नाही!

म्हणूनच देशोदेशी सुरुवातीचं वय वेगळं आहे: अमेरिकेत २१, इंग्लंडमध्ये २५, तर जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण स्त्रियांसाठी ३० म्हणते (एचआयव्ही असल्यास २५). तेविशीत थांबलात तर तो हलगर्जीपणा नव्हे. पंचविशी-तिशीनंतर मात्र टाळू नका, एचपीव्हीची लस घेतली असली तरीही. लस या विषाणूच्या सगळ्या प्रकारांपासून वाचवत नाही.

पण संबंधांनंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जात असेल, तर वयाचा हिशेब बाजूला ठेवून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. आधीचा पॅप अहवाल चांगला असला तरी जा.