लेथवरची महागडी लाकडं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : साध्या लाकडावर लेथवर (लाकूड फिरवत ठेवणाऱ्या यंत्रावर) कातकाम करून हात बसलाय, आता पर्पलहार्ट, पडाऊक अशी भारी रंगाची लाकडं घ्यायचा विचार आहे, आधी पेन आणि मग बाऊल करायचेत. सुरुवात कशापासून करू?

उत्तर : यादी तुम्ही रंगावरून केलीय हे दिसतंयच, सगळे तेच करतात, पण रंग ही त्या लाकडाची सगळ्यात बेभरवशाची गोष्ट. पर्पलहार्ट ताजं कापलं की मळकट तपकिरी दिसतं, हवा-उजेड लागला की जांभळं होतं आणि पुढे परत तपकिरीकडेच जातं. पडाऊक तर आज लालभडक केशरी आणि काही काळाने चॉकलेटी. ऊन अडवणारं फिनिश, म्हणजे वरचा पॉलिशचा थर, लावलंत तर हे जरा हळू होतं, थांबत मात्र नाही. रंग टिकायलाच हवा असेल तर एबनी किंवा आफ्रिकन ब्लॅकवुडसारखं काळं घ्या. ब्लॅकवुड इतकं जड की पाण्यात बुडतं, क्लॅरिनेट त्याच्याच करतात, फक्त अवजाराला धार सारखी लावावी लागेल.

पेनपासून सुरुवात हे बरोबर आहे. पाऊण इंच चौकोनी, पाच इंच लांब एवढासा तुकडा, महाग लाकूडही खिशाला झेपतं आणि चुकलं तरी फार रडू येत नाही. बाऊलला मात्र घाई नको, कारण मेणात बुडवलेला जाड ब्लँक, म्हणजे कातायला कापून ठेवलेला तुकडा, मिळतो तो आतून बहुतेक वेळा ओलाच असतो आणि विकणारा ते आपणहून सांगेलच असं नाही. एक-दोन बाजूंचं मेण खरवडा, वजन करून तारखेसकट त्याच्यावरच लिहा, मग अधूनमधून परत वजन करत राहा, वजन उतरायचं थांबलं की सुकलं समजा, याला महिने लागतात. नाहीतर ओलं असतानाच बाऊल ओबडधोबड कातून घ्या, भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी ठेवायची, म्हणजे दहा इंची बाऊलला एक इंच. तो सुकताना वेडावाकडा होईल, होऊ दे, नंतर परत लेथवर चढवून गोल करायचा. एबनीचा जाड तुकडा मात्र घेऊच नका, सुकताना तडकण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही!

प्रश्न : कोकोबोलोची डबी केली, जोड सुटला, वर पॉलिश म्हणून लावलेलं तेल आठवडा झाला तरी चिकटच आहे. ग्लू खराब होता का?

उत्तर : ग्लू बिचारा ठीक असेल. या लाकडात मुळातच तेल भरपूर, ते जोडावर येऊन बसतं आणि ग्लूला धरायला काही मिळत नाही. जोडायच्या जरा आधी ताजं सँडिंग करा, एसिटोनने पुसा, ते उडालं की लगेच इपॉक्सी (दोन भाग मिसळून करायचा ग्लू) लावून दाबा, दुसऱ्या दिवसावर ढकललंत तर तेल परत वर आलेलं असेल. फिनिशचंही तेच, लाकडातली द्रव्यं वरच्या तेलाला सुकूच देत नाहीत. आता चिकट थर पुसून काढा आणि आधी मेण काढलेल्या शेलॅकचा, म्हणजे चपड्याचा, एक हात द्या.

आणि हो, मास्क घालता ना? कोकोबोलोच्या धुळीने कातडीवर पुरळ येतं, पहिल्यांदा काही झालं नाही म्हणून पुढे होणार नाही असं नसतं, उलट शरीर हळूहळू जास्तच चिडतं. शिवाय कुठल्याही लाकडाची धूळ 1995 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेच्या यादीत पहिल्या गटात आहे, म्हणजे तिच्याने कॅन्सर होतो हे नक्की ठरलेलं.

प्रश्न : परदेशातून रोझवुड मागवलं तर कायद्याची भानगड होते का?

उत्तर : होऊ शकते. रोझवुड म्हणजे शिसवी. ब्राझिलियन रोझवुड 1992 पासून साइट्स (दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) याच्या परिशिष्ट 1 मध्ये आहे, त्याचा व्यापार जवळपास बंदच. आणि 2 जानेवारी 2017 पासून शिसवीचं उरलेलं घराणं, म्हणजे डालबर्जिया, परिशिष्ट 2 मध्ये गेलं, त्यात ब्लॅकवुडही आलं, कोकोबोलो तर तिथे 2013 पासूनच होतं. तयार वस्तूंना नंतर थोडी सूट मिळाली, कच्च्या ब्लँकला नाही, त्याला परवाना लागतोच. म्हणून पैसे भरायच्या आधी विकणाऱ्याकडून शास्त्रीय नाव लेखी घ्या, कारण रोझवुड या नावाखाली काय काय खपवतात, बोलिव्हियन रोझवुड म्हणून मिळतं ते डालबर्जिया नाहीच, मॅकेरियम नावाच्या वेगळ्याच घराण्यातलं आहे.