लोक म्हणतात सोशल मीडिया आणि बातम्यांमुळे माणसाचे विचार बदलतात. मी तर हे सगळं फक्त टाइमपास म्हणून बघतो. मग माझ्यावर कसला परिणाम होणार?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं. तुम्हाला नाही, स्वतःलाच हसलो, कारण परवापरवापर्यंत मीही अगदी हेच म्हणायचो. आपण दोघंच नाही, बहुतेकांना असंच वाटतं. १९८३ साली डेव्हिसन नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने या समजुतीला नावही देऊन ठेवलंय: ‘थर्ड पर्सन इफेक्ट’. माध्यमांना भुलतो तो कायम तिसराच कुणीतरी. तुम्ही नाही, मी नाही.

आता माझी फजिती ऐका. ‘लोक माध्यमांवर कसे आंधळा विश्वास ठेवतात’ हे सांगायला माझ्याकडे एक हुकमी गोष्ट होती. ३० ऑक्टोबर १९३८. अमेरिकेत रेडिओवर ऑर्सन वेल्सचं परग्रहवासीयांच्या हल्ल्याचं नाटक लागलं, बातमीपत्राच्या थाटात. लोकांना ते खरं वाटलं आणि अख्खा देश घाबरून रस्त्यावर आला. ही गोष्ट मी पंधरा वर्षं रंगवून सांगितली. मग कळलं की काही लोक घाबरले हे खरं, पण देशभर हाहाकार वगैरे काही झालं नव्हतं. त्या रात्री झालेल्या फोनवरच्या पाहणीत जेमतेम २ टक्के लोक तो कार्यक्रम ऐकत होते. हाहाकार झाला तो दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत. तेव्हा रेडिओ त्यांच्या जाहिराती पळवत होता, त्यामुळे रेडिओ किती बेजबाबदार आहे हे दाखवायला त्यांना आयतीच संधी मिळाली. म्हणजे इतरांच्या भोळेपणाचा दाखला म्हणून मी जे सांगत होतो, तीच माध्यमांनी फुगवलेली बातमी होती, आणि ती गिळून बसलो होतो मी.

ही गोष्ट माझ्या गळी कुणी उतरवली? कुणीच नाही. एकदा वाचली, मग कुठेतरी ऐकली, मग एका व्हिडिओत दिसली. बोकड खांद्यावर घेऊन निघालेला माणूस आणि तीन ठगांची गोष्ट आठवते ना? ‘कुत्रं कशाला खांद्यावर घेतलंस?’ असं पहिला ठग म्हणाला तेव्हा तो माणूस चिडला, दुसऱ्याच्या वेळी थबकला, तिसऱ्याच्या वेळी त्याने बोकड टाकून दिला. त्यात खरी मेख अशी की तिघं एकमेकांना ओळखतात हे त्याला माहीत नव्हतं. एकच मेसेज तीन ग्रुपवर येतो तेव्हा आपलं हेच होतं. तिघांनी सांगितलं असं वाटतं, उगम मात्र एकच असतो.

हे नुसतं गोष्टीतलं नाही बरं का. १९७७ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा बोलावून काही विधानं ऐकवली. त्यातली काही दर वेळी तीच असायची. खरी असोत की खोटी, पुन्हापुन्हा ऐकलेली विधानं मुलांना जास्त खरी वाटू लागली. ओळखीचं झालं की खरं वाटतं, आणि तुम्ही टाइमपास म्हणून बघता तेव्हा पारखून बघायच्या मनःस्थितीत नसता. त्यामुळे टाइमपास ही ढाल नाही, उलट उघडं दार आहे.

भीतीचंही तेच. विमान पडलं की चार दिवस तेच दाखवतात आणि विमानात बसताना पोटात गोळा येतो. जगभरात रस्त्यांवर दरवर्षी सुमारे १२ लाख माणसं मरतात, पण ती एकेक करून, ठिकठिकाणी मरतात, म्हणून गाडीत बसताना आपण निवांत असतो.

राहता राहिली रोजच्या जगण्याची गोष्ट. एक प्रयोग करून बघा, फुकटचा आहे. सगळ्यात जास्त वापरता ते ॲप जागेवरून हलवा आणि तिथे दुसरं काहीतरी ठेवा. मी कॅल्क्युलेटर ठेवला होता. पुढचा आठवडाभर मी दिवसातून कितीतरी वेळा कॅल्क्युलेटर उघडून त्या शून्याकडे बघत बसलो होतो. लिफ्टमध्ये, जाहिरात लागली की, कुणी बोलताबोलता पाणी प्यायला उठलं की. अंगठ्याला कुणी विचारलंच नव्हतं. पूर्वी वेब पान संपायचं, ‘पुढे’ दाबावं लागायचं, तेवढ्यात उठायची बुद्धी तरी व्हायची. २००६ च्या सुमारास आझा रास्किन नावाच्या डिझायनरने न संपणारं स्क्रोल तयार केलं आणि तो थांबा गेला. पुढे त्याने स्वतःच याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला.

मी आता एवढंच करतो: कुणाला काही ठासून सांगायच्या आधी ‘हे मला कुठून कळलं?’ असं स्वतःला विचारतो. बऱ्याचदा उत्तर येत नाही, मग गप्प बसतो. नेहमीच नाही, वादात जोर चढला की विसरतो.

आणि हो, ती रेडिओची गोष्ट. माझ्या मावसभावाला ती मीच सांगितली होती, म्हणून खरं काय ते कळल्यावर त्याला सविस्तर लिहून पाठवलं. त्याने उत्तरादाखल अंगठ्याचा इमोजी पाठवला. मागच्या महिन्यात चारचौघांत त्याने तीच गोष्ट पुन्हा सांगितली, जुनीच, आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘विचारा याला, यानेच सांगितलीय.’