बारशासाठी थांबू नका, बाळाचे नाव आजच दाखल्यावर घाला

नमस्कार. तुमची मुलगी साडेतीन महिन्यांची आहे, तिला टेट्रालॉजी ऑफ फॅलो हा जन्मजात हृदयदोष आहे, परळच्या रुग्णालयात चार खेपा झाल्या आहेत आणि उपचारांचा खर्च देणाऱ्या सरकारी योजनेच्या खिडकीवरून दर वेळी 'कागद अपुरे आहेत' एवढेच ऐकून तुम्ही परत येत आहात, हे वाचून मला आमचे २०१८ साल आठवले. आमच्या मुलालाही हाच आजार होता. त्यामुळे हृदयात नेमके काय बिघडलेले असते आणि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पुन्हा पुन्हा का करतात, हे मी लिहीत नाही. ते डॉक्टरांनी तुम्हाला एव्हाना चित्र काढून समजावले असेल. तुम्ही शेवटी सहज लिहिले आहे की, नाव अजून ठेवलेले नाही, ऑपरेशन झाल्यावर बारसे करू. त्या एका वाक्यामुळे मी लिहायला बसले.

आम्हीही बारसे पुढे ढकलले होते. मुलगा अकरा दिवसांचा असताना निदान झाले आणि बाराव्या दिवसासाठी नणंदेकडून आणलेला पाळणा माळ्यावर गेला. सासूबाई म्हणाल्या, "आधी बाळ बरं होऊ दे, मग थाटात नाव ठेवू." त्यांच्या मनात काय आहे ते मला कळत होते, कारण माझ्याही मनात तेच होते. नाव ठेवले आणि बाळ राहिले नाही, तर त्या नावाचे काय करायचे, ही भीती घरात कोणीच बोलून दाखवली नाही. सगळे त्याला 'बाळ' म्हणत राहिले.

त्याचा परिणाम असा झाला की जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा राहिला. प्रसूतिगृहाच्या डिस्चार्ज कार्डावर 'बेबी ऑफ' आणि पुढे माझे सासरचे नाव होते, माझ्या आधार कार्डावर माहेरचे नाव होते, आणि परळच्या केसपेपरवर तिथल्या लेखनिकाने विचारले तेव्हा यजमानांनी गडबडीत सांगितलेले, पुढे कधीच न ठेवलेले एक नाव होते. एकाच बाळाचे चार कागद आणि चारही एकमेकांशी न जुळणारे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मंजुरी मिळवण्यासाठी आम्हाला ज्या कार्यालयात जावे लागले, त्याचे नाव मी घेणार नाही. पहिल्या खेपेला त्यांनी सांगितले की, दाखल्यावर नाव नाही. आम्ही धावपळ करून नाव घालून आणले, तर दुसऱ्या खेपेला आईचे नाव दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरे आहे, हे निघाले. नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून नेले, तर तिसऱ्या खेपेला बाळाचे नाव शिधापत्रिकेत नाही, हे निघाले. या तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी त्यांच्या टेबलावर, त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. एका चिठ्ठीवर तीन ओळी लिहून द्यायला दोन मिनिटे लागली असती. ती कोणी दिली नाहीत आणि आमचे सात आठवडे गेले. यजमान रोजंदारीवर असल्यामुळे प्रत्येक खेपेला एक खाडा होत होता, पण त्याचे मला आज काही वाटत नाही. मला अजून राग येतो तो पाचव्या आठवड्याचा.

त्या आठवड्यात एका पहाटे बाळ दुधासाठी रडू लागले. आधी ओठ जांभळे झाले, मग नखे, आणि मग रडणेच थांबले. वॉर्डातल्या सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे मी त्याचे दोन्ही गुडघे दुमडून छातीशी दाबून धरले आणि त्याला तसेच उराशी घेऊन भांडुपच्या आमच्या चाळीतून रिक्षापर्यंत गेले. चार दिवस तो दाखल होता. त्याच मुक्कामात कळले की, त्याच्यासाठी धरून ठेवलेली ऑपरेशनची तारीख मंजुरी न आल्याने दुसऱ्या बाळाला द्यावी लागली होती. त्या बाळाला ती मिळाली याचे मला दुःख नाही, पण आमच्या बाळाची तारीख एका कोऱ्या रकान्यामुळे गेली. तो रकाना कोरा ठेवणारे आम्ही होतो, हे मी कबूल करते.

म्हणून माझे ठाम मत आहे की, बारसे केव्हाही करा, पण नाव आज ठरवा. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९चा कायदा नावाशिवाय जन्माची नोंद करू देतो, आणि पुढे १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते. महापालिकेच्या तुमच्या विभाग कार्यालयात जाऊन ते घाला आणि दाखल्यावर जे इंग्रजी स्पेलिंग येईल तेच पुढे प्रत्येक कागदावर अक्षरनअक्षर ठेवा. त्यानंतर बाल आधार काढा. पाच वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो काढून आई किंवा वडिलांच्या आधारशी जोडतात. तुमच्या पत्नीचे नाव कुठे माहेरचे, कुठे सासरचे असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला आत्ताच फाइलला लावा. शिधापत्रिकेत नाव चढायला वेळ लागतो, म्हणून अर्जाची पोचपावती जपून ठेवा. शेवटी आमचे काम जन्मदाखला आणि आईवडिलांसोबतचा बाळाचा फोटो यांवर झाले होते. मात्र नियम बदलत असतात, तेव्हा तुमच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारल्याखेरीज माझ्या शब्दावर विसंबू नका.

खिडकीवर 'काय कमी आहे' असे विचारू नका. 'आज तारखेला एकूण काय काय कमी आहे, ते सगळे लिहून द्या' असे म्हणा. लिहून देत नसतील तर तिथेच उभे राहून तुम्ही स्वतः लिहा, त्यांना वाचून दाखवा आणि तो कागद घेऊन रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवकांकडे जा. आम्ही त्यांच्याकडे सर्वांत शेवटी गेलो, खरे तर पहिल्या दिवशीच जायला हवे होते. फोन त्यांनी केला आणि दोन दिवसांत मंजुरी आली.

पैशांची वाट एकच नाही, हेही लक्षात असू द्या. आमच्या वेळी या योजनेत कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, आता ती पाच लाख आहे. २०१३पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही जन्मजात हृदयदोष बसतात. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. या सगळ्याची चौकशी समाजसेवकांकडे एकाच बैठकीत होते.

मी डॉक्टर नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इकोसाठी झोपेचे औषध देणार असतील, तर किती तास उपाशी ठेवायचे ते आदल्या दिवशी विचारून घ्या आणि नंबर लांबला तर गप्प बसून राहू नका, लगेच सिस्टरांना सांगा. निळसर बाळाच्या अंगातले पाणी कमी झाले की असा निळे पडण्याचा झटका येण्याची शक्यता वाढते. जुलाब, उलट्या किंवा ताप असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. गुडघे छातीशी कसे धरायचे, ते तुम्ही दोघांनी आणि घरात जे कोणी तिला सांभाळतात त्या प्रत्येकाने सिस्टरांसमोर करून पाहा. नुसते ऐकून ते हाताला येत नाही.

तुमची पुढची तारीख मंगळवारची आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणजे सोमवारचा दिवस विभाग कार्यालयासाठी हाती आहे. आमच्याकडे सासूबाईंनीच स्वयंपाकघरात उभ्याउभ्या त्याच्या कानात नाव सांगितले आणि दुसऱ्या दिवशी यजमान अर्ज घेऊन गेले. आठव्या महिन्यात ऑपरेशन झाले, तेव्हा त्याच्या मनगटावरच्या पट्टीवर त्याचे पूर्ण नाव होते. पाळणा आम्ही पहिल्या वाढदिवसाला माळ्यावरून काढला. तोवर तो कठडा धरून त्यात उभा राहू लागला होता.